अंजनाबाईंच्या घशाचा दाखला

अंजनाबाई शिंगटे यांचा आवाज काही एका दिवसात गेला नाही. लोणंदची मुलींची शाळा रेल्वेच्या रुळांना खेटून होती आणि शंटिंगचं इंजीन नेमकं पाढ्यांच्या तासाला येऊन खिडकीखाली धापा टाकत उभं राही. बाकीच्या शिक्षिका खडू खाली ठेवत, गाडी जाऊ देत आणि मग पुढं शिकवत. अंजनाबाईंना हे मान्य नव्हतं. सरकार आपल्याला पगार देतं तो गाड्यांचे डबे बघायला नव्हे, असं म्हणून त्या इंजिनाच्या वर आवाज चढवत. इंजिनं बदलली, ड्रायव्हर बदलले, अंजनाबाई बदलल्या नाहीत. शेवटी जिंकलं रेल्वे खातं. एका पावसाळ्यानंतर त्यांचा घसा बसला तो बसलाच. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं, मान हलवली आणि बाई वेळेआधीच निवृत्त झाल्या. अपंगत्वाची पेन्शन मिळाली, पण तात्पुरती. दरवर्षी साताऱ्याला जाऊन सरकारी डॉक्टरला घसा दाखवायचा, आवाज परत आला नसल्याचा दाखला घ्यायचा आणि ट्रेझरीत नेऊन द्यायचा. मग पुढचं वर्ष चूल पेटणार.

आवाज गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कुजबुजणाऱ्या बाईशी बोलणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, तिला बहिरी समजून ओरडणारी. शेजारच्या भामाबाई, म्हणजे कांद्याच्या अडत्याच्या मंडळी, या प्रकारातल्या. "बाई! कालचं एरंडेल लागू पडलं का?" असं त्या परसातून विचारत, आणि बाजारात कांदे भरणारे हमाल बाईंच्या उत्तरासाठी पोती खाली ठेवून थांबत. दुसरा प्रकार, बाईंबरोबर आपणही कुजबुजणारा. पोस्टमन अर्जुना त्यातला. सांगलीच्या भावाचं दिवाळीचं कार्डसुद्धा तो इकडंतिकडं बघून, पुढं वाकून, ओठ न हलवता द्यायचा. त्यामुळं आळीत बरीच वर्षं समज होता, की बाईंची कोर्टात काहीतरी भानगड चालू आहे.

तिसरा प्रकार, म्हणजे साध्या आवाजात विचारून उत्तराची वाट बघणारा, लोणंदात नव्हता. तो साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात होता. तिथले म्हातारे डॉक्टर दरवर्षी चष्मा वर सारून विचारत, "बसा. कशा आहात?" आणि पेन हातात धरून खरोखरच थांबत. अंजनाबाई त्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर तयार करत. दाखल्याच्या दिवशी त्या ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून निघत. भामाबाई दारातूनच ओरडत, "घसा दाखवायला कशाला लागतंय इरकली?" बाई उत्तर देत नसत, आणि दिलं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

ज्या वर्षी हाँगकाँगचा फ्लू आला, त्या वर्षी कचेरीचा कागदही आला. भूकंप होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तात्पुरत्या पेन्शनींचा आता कायमचा निकाल लावायचा आहे, असं त्यात होतं. तपासणीत आवाज गेलेला दिसला तर पेन्शन कायम. सुधारणा दिसली तर बंद. बाईंनी कागद वाचला, घडी घालून देवापाशी ठेवला आणि त्या दिवशी दोन्ही वेळचा भात करपवला.

हाँगकाँग कुठं आहे हे लोणंदमध्ये फक्त अंजनाबाईंना माहीत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. भामाबाईंच्या मते ते मिरजेच्या पुढं कुठंतरी होतं आणि तिथून तो ताप मालगाडीनं आला होता. घरोघर माणसं झोपली. ताप चार दिवसांत उतरे, पण घसा धरून बसे. सगळं गाव घोगरं झालं. एकट्या अंजनाबाईंना तो झाला नाही. फ्लूसुद्धा आपल्या घरी येत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

समोर राहणारे लालासाहेब पलटणीत कारकून होते. त्यांना गुडघ्याची पेन्शन होती. तो गुडघा वर्षातून एकदा डॉक्टरांच्या बोर्डापुढं दुखे आणि एरवी म्हसवडच्या जत्रेत रथापुढं नाचे. कागदाची बातमी भामाबाईंच्या तोंडून, म्हणजे सगळ्या बाजाराबरोबर, त्यांनीही ऐकली आणि ते तडक आले.

"मास्तरीणबाई, तीन बोर्डं पास केल्यात मी," ते म्हणाले. "डॉक्टर लोक सरळ तपासत नाहीत. बोलता बोलता मागनं एकदम आवाज काढत्यात. माणूस दचकून वरडला, की काम तमाम! प्रॅक्टिस पाहिजे, प्रॅक्टिस!"

"पण मला खरंच ओरडता येत नाही," बाई कुजबुजल्या.

"आसंच म्हणायचं," लालासाहेब खूश होऊन म्हणाले. "झकास जमतंय."

दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस सुरू झाली. बाई तांदूळ निवडत असोत, तुळशीला पाणी घालत असोत, मागून लालासाहेब पितळी परात आणि उलथनं घेऊन येत आणि दणदिशी वाजवत. बाईंचं तोंड उघडे, छाती लोहाराच्या भात्यासारखी हले, हातातलं सूप उडे. आवाज म्हणाल तर निव्वळ वारा. "शाबास!" लालासाहेब म्हणत. आळीतली पोरं मात्र दचकून रडत, भामाबाईंची म्हैस आटली, आणि तिच्या आटण्याचा जाब बाईंनाच द्यावा लागला.

दाखल्याच्या दिवशी साताऱ्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात ही गर्दी होती. मधे दोर बांधला होता. दोराच्या पलीकडे धोंडिराम शिपाई नावं पुकारत होता, पण त्याचाही घसा गेलेला. तो हातातला कागद उंच धरून जीव तोडून नुसतं तोंड हलवी आणि दोराअलीकडची माणसं त्याच्याकडं मुका सिनेमा बघावा तशी बघत. अंजनाबाईंना मात्र प्रत्येक नाव स्वच्छ कळत होतं. इतकी वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? थोड्या वेळानं त्या दोराखालून पलीकडं गेल्या आणि धोंडिरामनं नाव घेतलं, की ज्याचं असेल त्याच्या खांद्याला बोट लावू लागल्या. या नादात त्यांचं स्वतःचं नाव येऊन गेलं. तिथं बोट लावायला कुणी नव्हतं.

सगळ्यांच्या शेवटी त्या आत गेल्या. खुर्चीत म्हातारे डॉक्टर नव्हते. त्यांची बदली झाली होती. नवे डॉक्टर तरुण होते, गळ्याला मफलर होता, आणि त्यांचाही आवाज गेला होता.

"काय होतंय?" डॉक्टर कुजबुजले.

"आवाज गेलाय," बाई कुजबुजल्या.

"सगळ्यांचाच गेलाय."

"माझा फार वर्षांपूर्वी गेलाय."

"तापात असंच वाटतं." डॉक्टरांनी आ करायला लावलं. "लाल आहे. फ्लू."

"ताप नाही मला. मी अपंग आहे." बाईंना हे वाक्य कधी लागलं नव्हतं. ते उच्चारताना त्या इरकलीच्या काठाशी चाळा करत राहिल्या. "जुने कागद बघा."

डॉक्टरांनी कागद पाहिले आणि कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. त्यांची अडचणही खरी होती. उभ्या जिल्ह्यात कुणालाच आवाज उरला नसताना एकीचा गेला आहे, हे सिद्ध करायचं कसं? बराच विचार करून त्यांनी शास्त्रशुद्ध तोडगा काढला. बाईंनी फ्लूच्या बायकांत राहायचं. बाकीच्यांचे घसे सुटले आणि बाईंचा सुटला नाही, तर दाखला मिळेल.

"आणि तिथं राहून मला फ्लू झाला तर?"

"तर औषध इथंच आहे," डॉक्टर कुजबुजले, आणि पहिल्यांदाच हसले.

बायकांची व्यवस्था भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. खाटा एकमेकींना चिकटलेल्या, वर पत्रा तापलेला, खाली फिनेलचा वास. बाई पिशवी छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या. इतक्या बायका आता आपल्यावर ओरडणार, या भीतीनं त्यांनी मान आधीच खाली घातली होती.

"या की आत," कुणीतरी कुजबुजलं. "दार लावा, वारं येतंय."

म्हसवडच्या साळूबाई होत्या. त्यांच्या पलीकडे सांगलीच्या तानुबाई. त्या हळदीच्या वखारीत बायकांवर मुकादम होत्या, साताऱ्यात लेकीच्या बाळंतपणाला येऊन आडव्या झाल्या होत्या, आणि आवाज गेल्यामुळं संतापानं लाल होत्या. "माझ्या एका हाकंला सगळी वखार उभी राहती, बाई," त्या फुसफुसल्या. "आन हितं त्या आयाला पाणी मागायचं तर तोंडाचं नुसतं भोकाड होतंय."

"असं घशातून ढकलायचं नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "श्वास पोटातून सोडा. ओठांनी बोला. घसा मधे येऊच द्यायचा नाही."

तानुबाईंनी करून पाहिलं. शब्द शेडच्या पार टोकाला गेला आणि झोपलेल्या एका म्हातारीनं "ओ?" दिली.

"आगं बया!" तानुबाई हरखल्या. "कुठं शिकलासा हे?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आपला आवाज कायमचा गेलाय, हे सांगायला ती वेळ अगदी योग्य होती. त्या म्हणाल्या, "शाळेत."

दुसऱ्या दिवशी त्या शेडच्या मास्तरीणबाई झाल्या. कुजबुजायचं कसं, आयाला बोलवायला टाळी कशी वाजवायची, पाणी हवं तर तांब्यावर अंगठी कशी टिचकवायची, सगळं त्यांनी नीट तास घेऊन शिकवलं. मग त्यांना खराच फ्लू झाला. अंगात सणसणून ताप भरला. साळूबाई त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या, तानुबाईंनी लेकीच्या घरचा आळिवाचा लाडू त्यांच्यासाठी राखून ठेवला. "लोकांवानी लोक आजारी पडत्यात, त्यात लाजायचं काय?" साळूबाई म्हणत. अंजनाबाई तापात पडल्या पडल्या पत्र्याकडं बघत. लोकांसारखं आजारी पडण्यात एवढं सुख असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताप उतरला आणि खरी मजा सुरू झाली. दुपारी जेवणं झाली, की सगळ्या खाटा कुजबुजू लागत. साळूबाई सांगत, सिद्धनाथाच्या रथावर खोबरं उधळताना त्यांच्या दिराचं डोकं कसं फुटलं आणि तरी तो देव नवसाला पावला म्हणून कसा नाचला. तानुबाई हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, उतरलेल्या एका दलालाची गोष्ट सांगत. तो इतका पिवळा होऊन वर आला, की बायकोनं त्याला ओळखलंच नाही. हसायची वेळ आली, की सगळ्या शेडमधून पिंपळपानं हलावीत असा आवाज येई. आणि कुणी तरी अंजनाबाईंकडं वळून म्हणे, "तुमी सांगा की आता." मग सगळ्या थांबत. खरोखरच थांबत.

त्यांनी इंजिनाची गोष्ट सांगितली. त्यात शेवटी रेल्वे जिंकली, हा भाग तेवढा गाळला.

इकडं डॉक्टर चिंतेत पडले होते. त्यांचा स्वतःचा घसा केव्हाच सुटला होता. पुरुषांच्या बाजूला चहासाठी आरडाओरडा सुरू झाला होता. धोंडिराम तर आता इतक्या मोठ्यानं नावं पुकारायचा, की रस्त्यावरची माणसं आत येत. पण बायकांच्या शेडमध्ये एकीचाही आवाज परत आला नव्हता! डॉक्टर रोज येत, आ करायला लावत, घसे गुलाबी निरोगी दिसत, आणि "कसं वाटतंय?" म्हटलं की सगळ्या कुजबुजत, "बरं हाय." बायकांच्या घशात हा रोग काही वेगळाच मुरतो, असा संशय येऊन त्यांनी पुण्याला वरिष्ठांना लिहिलंसुद्धा. आता इथं खोटेपणा कुणीच करत नव्हतं, हे सांगायला हवं. बायकांना तशी सवय लागली होती. कुजबुजीत गोष्टी रंगत होत्या. घसा आपला आपण बरा झाला होता, पण त्याला कामावर बोलवायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि लोणंदला? लोणंदला भामाबाईंनी बाईंना मारून टाकलं होतं. घसा दाखवायला गेलेली बाई परत येत नाही म्हणजे काय? त्यांनी परसातून आळीला तसं जाहीर केलं. अर्जुनानं घरोघर कुजबुजून त्याला दुजोरा दिला. फक्त लालासाहेबांचा विश्वास बसला नाही. बोर्डात नापास झाल्या म्हणून तोंड लपवून बसल्यात, असा त्यांचा तर्क. आपल्या हाताखाली तयार झालेला उमेदवार नापास होतो म्हणजे पलटणीची अब्रू गेली. परात आणि उलथनं धोतराच्या पानात गुंडाळून ते पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला आले.

त्या सकाळी डॉक्टर शेडमध्ये फेरीला आले होते. साळूबाईंचा घसा बघून झाला होता. अंजनाबाई आ करून बसल्या होत्या. त्यांच्या मागं दार होतं, आणि दारातून पाऊल न वाजवता, पलटणीत शिकल्याप्रमाणं, लालासाहेब आत आले.

वर पत्रा होता हे विसरू नका. परात दणाणली ती नुसती परात नव्हती. सगळी शेड दणाणली. भूकंपाला वर्ष झालं नव्हतं, आणि साताऱ्याच्या मुलखात त्या दिवसांत ताट पडलं तरी माणसं अंगणात धावत.

"आयाया गं! भूकंप!" साळूबाई किंचाळल्या. "पळा गं!" तानुबाईंची ती वखार उभी करणारी हाक सुटली. एकजात सगळ्या खाटा बोंबलल्या. झोपलेली म्हातारी सिद्धनाथाला हाका मारत खाटेखाली गेली. डॉक्टर स्वतः ओरडले. बऱ्याच वेळानं पत्रा थांबला, मग बायका थांबल्या, आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं, की आपल्याला आवाज आलाय.

अंजनाबाई तशाच बसल्या होत्या. तोंड उघडं होतं, छाती भात्यासारखी हलत होती, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. त्याही भूकंप म्हणूनच ओरडल्या होत्या. जीव खाऊन ओरडल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग शेडकडं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

"बघितलंत साहेब?" लालासाहेब परात बगलेत मारून अटेन्शनमध्ये उभे राहिले. "एक नंबर पास!"

"म्हंजी..." साळूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका किनरा असेल असं अंजनाबाईंना वाटलं नव्हतं. "म्हंजी तुमचा आवाज आजारानं न्हाई गेला व्हय?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"परत येनारच न्हाई?"

बाईंनी पुन्हा हलवली. साळूबाईंचे डोळे भरून आले. त्या जवळ आल्या, बाईंचा हात हातात घेतला, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि म्हसवडापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं ओरडल्या, "काळजी करू नगा, बाई! देव हाय!"

अंजनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

दाखला दुपारी मिळाला. त्यावर 'कायम' असं लाल शाईनं लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. डॉक्टरांना आपल्या प्रयोगाचा आनंद झाला होता. ते उभं राहून म्हणाले, "अभिनंदन. आता तुम्हाला इथं यायची गरज नाही."

"पुढच्या वर्षी?" बाई कुजबुजल्या.

"कधीच नाही. ट्रेझरीत हा एकदा दिला, की संपलं."

"नुसता घसा दाखवायला... आलं तर?"

डॉक्टरांना हा विनोद वाटला. ते मोकळेपणानं हसले, आणि धोंडिरामनं पुढचं नाव अशा काही आवाजात पुकारलं, की बोट लावायची कुणाला गरजच पडली नाही.

शेडमध्ये सगळ्यांची बांधाबांध चालली होती. एकमेकींना पत्ते सांगणं, या म्हणणं, सगळं मोठमोठ्यानं. अंजनाबाईंना निरोप देताना प्रत्येकीनं एकेक शब्द सुटा करून, ओरडून सांगितला. तानुबाईंनी तेवढं जाता जाता पोटातून श्वास सोडून, ओठांनी, "येते" म्हटलं. मग लेकीनं हाक मारली आणि त्या "आले गं!" म्हणून गरजल्या. शेडचा पत्रा हलला.

लालासाहेब आपल्या गुडघ्याच्या कामाला सोल्जर बोर्डात मागं राहिले. बाईंनी ट्रेझरीत कागद दिला, पोच घेतली आणि लोणंदची एस.टी. पकडली. गाडी अर्धी रिकामी होती. फ्लूच्या भीतीनं लोक अजून प्रवास टाळत होते. बाई खिडकीशी बसल्या. इरकलीला फिनेलचा वास लागला होता. घरी गेल्यावर भामाबाई काय काय ओरडून विचारतील, याची त्या मनात उजळणी करू लागल्या, आणि मग त्यांनी ती सोडून दिली. पुढच्या वर्षी कुणाला काय उत्तर द्यायचं, याची तयारी आता करायची नव्हती.

कंडक्टर आला. चिमटा सीटच्या दांडीवर टिकटिक वाजवून त्यानं भुवई उडवली.

"लोणंद," बाई कुजबुजल्या.

त्यानं चमकून बघितलं. मग पुढं वाकला. गळ्याभोवती रुमाल गुंडाळला होता.

"तुमालाबी?" त्याच्या तोंडून नुसता वारा आला. "परवाधरनं हाय माझं असं. लय वंगाळ रोग. लेकराला हाक मारता येत न्हाई."

बाईंचा हात पिशवीवर होता. आत 'कायम' लिहिलेल्या दाखल्याची पोच होती. त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. मुलींना खोट्याबद्दल त्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझाही आवाज त्यानंच गेलाय."

कंडक्टर समोरच्या सीटवर टेकला. "सुटंल का वो घसा?"

"सुटेल. मीठपाण्याच्या गुळण्या करा. आणि घशातून ढकलू नका. श्वास पोटातून सोडायचा."

त्यानं करून पाहिलं. जमलं. तो हसला. मग काळजीनं म्हणाला, "पर बोलू नगं म्हनत्यात दवाखान्यात. बोललं तर चालंल न्हवं?"

अंजनाबाई खिडकीपासून सरकल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"बोला," त्या म्हणाल्या. "हळू बोला. लेकराचं नाव काय?"